गिटार आणि गाणे एकाच वेळी रेकॉर्ड करताना या चुका टाळा

पोर्टेबल मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर (प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपणाऱ्या यंत्रावर) स्वतः गिटार वाजवत गाणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की, दोन्ही ट्रॅक सुटे ऐकले तर उत्तम वाटतात, पण एकत्र लावले की गळा पोकळ आणि दूरचा ऐकू येतो. मग इक्वलायझरशी झटापट सुरू होते. दोष मात्र तिथे नसतो. दोन माइक लावले म्हणजे दोन आवाज वेगळे झाले, या समजुतीत तो असतो. गाणारा आणि वाजवणारा एकच असताना प्रत्येक माइक दोन्ही आवाज ऐकत असतो.

गाण्याचा माइक ओठांपासून १५ सेंटिमीटरवर आणि गिटारचा माइक ओठांपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे समजा. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जात असल्यामुळे मधले ४५ सेंटिमीटर कापायला त्याला साधारण १.३ मिलिसेकंद लागतात. एवढ्या उशिराने तोच गळा दुसऱ्या ट्रॅकवर उमटला आणि दोन्ही ट्रॅक मिसळले, की सुमारे ३८० हर्ट्‌झवर, तसेच त्याच्या तिप्पट आणि पाचपट कंप्रतेवर लहरी एकमेकींना रद्द करतात आणि नेमका गळ्याचा भरीवपणा हरवतो. गिटारच्या ट्रॅकमध्ये गळा जितका जास्त शिरला असेल, तितके हे खड्डे खोल होतात.

म्हणून माइक कुठे ठेवायचा यापेक्षा त्याची पाठ कुणाकडे करायची, हा विचार आधी करावा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या माइकला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते. गाण्याचा माइक कपाळाच्या उंचीवर ठेवून खाली रोखला, तर त्याच्या तोंडासमोर गिटारही येते. तोच हनुवटीच्या पातळीवर ठेवून किंचित वर ओठांकडे वळवला, तर त्याची पाठ गिटारकडे होते. गिटारचा माइक बाराव्या फ्रेटजवळ २० ते ३० सेंटिमीटरवर, थोडा खाली झुकवून ठेवावा. तो थेट साउंडहोलसमोर ठेवणे ही वेगळी चूक, कारण तिथे खर्ज घुमतो. आठच्या आकाराचा पॅटर्न असलेले माइक मिळाले तर काम आणखी सोपे होते, कारण त्यांना समोरचे आणि मागचे ऐकू येते, पण डाव्या-उजव्या बाजूंचे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. इतके करूनही आवाज पोकळच राहिला, तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहावी आणि ज्या स्थितीत खालचे सूर भरदार लागतात ती ठेवावी.

अंतऱ्यातली एखादी ओळ बेसूर गेली म्हणून फक्त गाण्याचा ट्रॅक पुन्हा गाणे, ही या पद्धतीतली सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल. गिटारच्या ट्रॅकवर जुना गळा तसाच राहतो आणि नव्या गळ्यामागे भुतासारखा ऐकू येतो. दुरुस्ती करायची तर जागा न हलवता दोन्ही ट्रॅक एकत्र, मागच्या विरामापासून पुन्हा घ्यावेत. ज्यांना ओळ ओळ तपासूनच गायचे आहे, त्यांनी आधी गिटार आणि मग गाणे असे सुटे रेकॉर्ड करावे, हेच बरे.

गिटारमध्ये पिकअप (तारांचे कंपन थेट विद्युत संकेतात बदलणारा भाग) असेल तर गळ्याची ही गळती बरीच कमी होते. मात्र बॅटरी नसलेला साधा पिएझो पिकअप रेकॉर्डरला जोडताना इनपुट हाय-झेडवर (उच्च इम्पीडन्सवर) नसेल, तर खर्ज जाऊन आवाज पातळ होतो आणि लोक उगाच तारा बदलत बसतात.

रेकॉर्डरची स्वयंचलित लेव्हल बंदच ठेवावी. गाणारा श्वास घ्यायला थांबला की ती गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) वाढवते आणि खोलीचा सगळा गोंगाट पुढे येतो. गाण्यातली सर्वांत मोठ्या आवाजाची ओळ गाऊन लेव्हलची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन लावावा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना याहून काठावर जाण्याची काहीच गरज नसते. लो-कट (ठराविक कंप्रतेखालचा आवाज कापणारा फिल्टर) गाण्याच्या माइकवर १०० हर्ट्‌झपर्यंत चालतो, पण गिटारची जाड तार ८२ हर्ट्‌झवर वाजत असल्यामुळे तिच्या माइकवर तो तितका वर नेऊ नये.

खोलीचे म्हणाल तर शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात, तेव्हा खाली सतरंजी आणि गाणाऱ्याच्या मागे दोरीवर दोन जाड वाकळा टाकल्या तरी फरक कळतो. पंखा बंद हवाच. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपराखाली बसायचे असेल, तर उघडीप पाहूनच बसावे. शिवाय दमट हवेत लाकूड फुगून सूर हलतात, म्हणून प्रत्येक टेकआधी गिटार लावून घ्यावी. गणेशोत्सवाच्या दिवसांत तर रेकॉर्डरला सुट्टीच दिलेली बरी.

अॅडॅप्टरवर ५० हर्ट्‌झची गुणगुण येत असेल तर बॅटरीवर जावे. मात्र कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (रेकॉर्डरने केबलमधून माइकला दिलेली वीज) चालू असताना बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून ताजी जोडी हाताशी असावी. पहिला टेक फक्त एका कडव्याचा घ्यावा आणि तो हेडफोनवर, तसेच मोबाइलच्या स्पीकरवर मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही ट्रॅक एकाच वाहिनीत मिसळून, ऐकावा. मोनोमध्ये गळा आत ओढल्यासारखा वाटला, तर गाणे पुढे नेण्याआधी माइक दोन-चार बोटे सरकवून तेच कडवे पुन्हा घ्यावे.