पाच हाका मारूनही पोर उठत नाही तेव्हा काय करायचं

संध्याकाळी साडेसातला मी ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि बाहेरच्या खोलीत माझा पाच वर्षांचा मुलगा ठोकळे मांडून बसलेला. मी आतूनच ओरडायचे, अरे हात धू, जेवायला चल, पाचव्या हाकेला आवाज चढला की मगच तो उठायचा. मी सगळ्यांना सांगायचे हा ऐकतच नाही. खरं तर तो बरोब्बर ऐकत होता, पहिल्या चार हाका खऱ्या नसतात हे त्याला माझ्याकडूनच कळलं होतं.

तर आधी आतून हाक मारणं बंद. गॅस बारीक करा, त्याच्याजवळ जा आणि सरळ फरशीवर बसा. लगेच काम सांगू नका हं, तो काय करतोय ते बघा आणि त्याबद्दलच काहीतरी बोला, "अरे हे धरण बांधलंस होय?" तो मान वर करून तुमच्याकडे बघतो ना, तेव्हा सांगायचं, आणि एकच सांगायचं. "हा ट्रक पलीकडे गेला की हात धुवायला जायचं." मग गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड आहे. हातातलं सोडून दुसरीकडे वळायला लहान मुलांना आपल्यापेक्षा वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजा, मी तर तीनलाच परत सुरू व्हायचे.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर हेच केलं. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आपल्याला तर फक्त स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायचंय.

दुसरं, आपण फोनवर बोलायला लागलो की नेमकं तेव्हाच "आई बघ ना, आई बघ ना" सुरू होतं. त्याला त्रास देणं म्हणू नका, ती आपल्या लक्षाची भूक आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला, त्यात आई बाळाशी छान खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवून नुसती समोर बसते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, कशानेच काही होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडायला लागतं. मोबाईल बघताना आपला चेहरा तसाच कोरा असतो, हे लक्षात आल्यापासून मला फार वाईट वाटतं.

म्हणून ही भूक आधीच भागवा. रोज पंधरा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, खेळ तो निवडणार, आणि "हा रंग कोणता, किती झाले" अशी परीक्षा घ्यायची नाही. आमच्याकडे मी ऑफिसमधून आले की चहाच्या आधी हे होतं आणि त्या दिवशी रात्रीची किरकिर खरंच कमी असते. फोन करायचाच असेल तर आधी सांगा, मोठा काटा सहावर आला की मी तुझी, आणि काटा सहावर आला की खरंच फोन ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी त्याने विश्वास का ठेवावा?

"पळू नको" पेक्षा "कठडा धरून उतर" म्हटलेलं त्यांना पटकन कळतं. उगाच भोकाड पसरलं तर थोडं दुर्लक्ष चालेल, पण आवाज खाली आला की लगेच जवळ घ्या. मारामारी किंवा गॅसशी खेळ असेल तर मात्र वाट बघायची नाही, हात धरून थांबवायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना समोर बसवून विचारलं तर काही सांगत नाहीत, भाजी आणायला बरोबर न्या, चालता चालता आपणहून बोलतात.

आणि एक राहिलं, पाठीमागून हळू हाक मारून बघा. मूल खेळात नसतानाही वळत नसेल, टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, सर्दीने कान वरचेवर दुखत असतील तर ओरडायच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या.