अविवाहित पूर्वजाचा शोध घेताना या चुका टाळा

कोकणातल्या कोणत्याही जुन्या घराण्याची वंशावळ उघडली की एखाद्या नावाखाली ‘निर्वंश’ हा शेरा दिसतो आणि नवखा संशोधक लगेच ‘अविवाहित’ अशी टीप लिहून पुढच्या शाखेकडे वळतो. ही घाई मला सर्वांत जास्त खटकते. निर्वंश याचा अर्थ पुढे संतती चालली नाही, एवढाच. तो गृहस्थ विधुर असेल, त्याची मुले लहानपणीच गेली असतील, किंवा त्याला केवळ मुली असतील आणि वंशावळ लिहिणाऱ्याने मुलींना जागाच दिली नसेल. फेरफारातही, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीतही, हाच सापळा असतो. मयताचे वारस म्हणून भाऊ व पुतणे यांची नावे लागली असतील, तर त्या वेळी मुलगा हयात नव्हता, फार तर इतके म्हणता येते; लग्न झालेच नव्हते हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते.

त्यासाठी मी आधी महालयाची यादी मागतो. ज्या घरांत पितृपक्षात महालय होतो, तेथे भटजींना सांगायची नावे आणि नाती एखाद्या वहीत लिहून ठेवलेली असतात, आणि चुलत्याचे नाव तेथे ‘पितृव्य’ म्हणून येते. नावाबरोबर ‘सपत्नीक’ असेल तर प्रश्न मिटला: लग्न झाले होते, आणि यादी लिहिली तेव्हा पत्नीही वारलेली होती. ‘सपत्नीक’ नसेल तर मात्र उडी मारू नये, कारण पत्नी हयात असतानाही तो शब्द गाळतात. ‘यती’ असा उल्लेख आढळला किंवा तिथी भाद्रपद वद्य द्वादशीची सांगितली, तर संन्यास घेतला असण्याची शक्यता तपासावी; मग नावही बदललेले असणार.

दुसरी चूक, म्हणजे एकाच नावाच्या दोघांना एक समजणे, त्याहून भयंकर आहे, कारण ती केल्यावर वंशवृक्ष अधिक भरगच्च दिसतो. लहान वयात गेलेल्या भावाचे नाव आपल्या मुलाला ठेवणे कोकणात नवीन नाही. दापोली तालुक्यातील एका घराण्यातील तरुण मोबाईलवर तयार केलेला वंशवृक्ष घेऊन आला होता. त्यात मुंबईला गिरणीत कामाला गेलेला आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारल्याचे घरात सांगितले जाणारा एक चुलत पणजोबा होता, आणि त्याच गृहस्थाने पुढे लग्न करून, आंब्याची कलमे लावून, 1948 च्या कूळ कायद्याखाली दावाही लढवलेला होता. विसंगती दाखवल्यावर, साथीची गोष्टच कोणीतरी रचलेली असेल, असे उत्तर मिळाले. एवढ्या आत्मविश्वासापुढे कागदच ठेवावे लागतात. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकाच नावाचे दोन विद्यार्थी निघाले, मधले नाव मात्र वेगळे, आणि दाखल होण्याच्या तारखांत एका पिढीचे अंतर. मग जुने फेरफार पुन्हा वाचले, तेव्हा दाव्यातील माणसाच्या नावापुढे ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) करून थोरल्या भावाचे नाव होते, म्हणजे तो पुतण्या. खऱ्या काकाचा माग लागला तो मुंबईतील गावमंडळाच्या खोलीच्या वर्गणी वहीत. तेथे त्याचे नाव ओळीने येत होते आणि साथीच्या वर्षी थांबत होते. त्या आधारावर महानगरपालिकेतील मृत्यूनोंद शोधली, ती सापडली. अविवाहित माणसाला पुतण्याचा संसार, जमीन आणि म्हातारपण चिकटवून ठेवले होते. तेव्हापासून मधले नाव आणि ते कोणत्या कागदात आहे, हे लिहिल्याशिवाय मी कोणाचीही चौकट भरू देत नाही. बापू, अण्णा, तात्या यांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा सातबारा पाहून ‘काकांची जमीन नव्हती’ असे ठरवणारेही भेटतात. तो उतारा आजचा आहे. जुने फेरफार पुष्कळदा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून, धूळ खात बसून वाचावे लागतात. त्यातही एकत्र कुटुंबाची जमीन थोरल्याच्या नावे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) अशी लागलेली असे, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी वाटणी न होता वारलेल्या अविवाहित भावाचा हिस्सा उरलेल्या भावांकडेच राही. त्यामुळे त्याचे नाव एकाही फेरफारात न येणे अगदी स्वाभाविक आहे. अशा माणसाला भावांच्या आणि पुतण्यांच्या कागदांत शोधावे: वाटणीपत्र, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिकेतील निमंत्रकांची नावे.

माहेरी आयुष्य काढलेल्या आत्याला अविवाहित समजू नये. 1930 साली बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा अमलात येण्यापूर्वी वाढलेली अशी आत्या पुष्कळदा बालविधवा निघते आणि कागदोपत्री सासरच्या नावाने, ‘कोम’ (अमक्याची पत्नी) लावून, येते.

इसवी सन काढताना शके सालात सरसकट 78 मिळवू नयेत. माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून शके 1822 च्या माघातला मृत्यू 1901 सालचा असतो.

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाचा जुना कागद ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणतो. तो परका समजून बाजूला ठेवू नये.