परसातल्या बदकाची जात पिसाऱ्यावरून कशी ओळखावी

कृष्णाकाठच्या गावांत खाकी रंगाचे बदक दिसले की ते ‘कॅम्पबेल’ आणि पांढरे दिसले की ते ‘पेकिन’, असे ठरवून मोकळे होण्याची सवय पडली आहे. आठवडी बाजारात याच नावांवर गावठी पक्षी चढ्या भावाने खपतात आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी मिळतील या आशेने घेणारा नंतर हिरमुसतो. अंगाच्या एकूण रंगावरून जात सांगण्याचा सल्ला देणाऱ्याने बदकाचा पंख उलगडून पाहिलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पिसाऱ्यावरून जात ओळखता येते, पण त्यासाठी कोणत्या वेळी कोणते पीस पाहायचे हे कळावे लागते.

पक्षी स्वच्छ पाण्यात तासभर सोडून, वाळल्यावर उन्हात पाहावा. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या गाळाने पोटाचा आणि छातीचा खरा रंग झाकला जातो. ट्यूबलाइटखाली घेतलेल्या फोटोवरून तर कोणतेच मत देऊ नये. बदक धरताना दोन्ही पंख अंगाशी मिटवून पोटाखाली हात द्यावा. त्याचे पाय कोंबडीइतके भक्कम नसतात, त्यामुळे पायांना धरून उलटे लटकवणे पूर्णपणे टाळावे.

सर्वांत आधी मस्कोव्ही वेगळे काढावे. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल, खडबडीत मांसल गाठी, रुंद सपाट शेपूट आणि पायांना तीक्ष्ण नख्या असल्या की पिसे काळी, पांढरी की कबरी हा प्रश्नच उरत नाही. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला आणि वेगळ्याच प्रजातीचा आहे. त्याची अंडी उबायला सुमारे 35 दिवस लागतात, तर इतर सर्व पाळीव बदकांची सुमारे 28 दिवसांत उबतात.

पांढऱ्या बदकाच्या बाबतीत पिसारा फारसा बोलत नाही, कारण पांढरा रंग खालच्या सगळ्या खुणा झाकून टाकतो. तिथे बांधा पाहावा. पूर्ण वाढलेले पेकिन रुंद छातीचे, जड, तीन किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे आणि किंचित सायीच्या छटेचे असते; चोच आणि पाय नारिंगी-पिवळे असतात. इंडियन रनर नावाने भारतीय असले तरी त्याचे मूळ इंडोनेशियाच्या बेटांवरचे आहे आणि ते बाटलीसारखे ताठ उभे राहून चालते. दीड-दोन किलोचे, आडव्या अंगाचे पांढरे बदक बहुतेक वेळा गावठीच असते. चोचीच्या पिवळेपणावर विसंबू नये. मका भरपूर खाणाऱ्या पक्ष्याची चोच गडद होते आणि सलग अंडी घालणाऱ्या मादीची फिकट पडते.

खरी अडचण तपकिरी आणि खाकी पक्ष्यांची आहे. इथे घाई करणाऱ्याची हमखास फसगत होते.

पहिली गोष्ट वयाची. चार महिन्यांच्या आत बदकाचा पिसारा पक्का झालेला नसतो. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू दाखवून कोणी शुद्ध जातीची हमी देत असेल, तर त्या हमीला फारशी किंमत देऊ नये.

दुसरी गोष्ट हंगामाची, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. मस्कोव्ही वगळता आपली सगळी पाळीव बदके रानटी मॅलार्डपासून आली आहेत आणि त्या वंशाचा नर विणीचा हंगाम संपल्यावर आपला झळाळता पिसारा टाकतो. डोक्याची हिरवी किंवा कांस्य झाक जाते, छाती-पाठ मादीसारखी मळकट तपकिरी होते आणि शेपटीवरची वर वळलेली पिसेही काही आठवडे दिसेनाशी होतात. या काळात नर पाहणारा माणूस त्याला मादी समजतो आणि मग त्या ‘मादी’च्या खुणा कोणत्याच जातीशी जुळत नाहीत. म्हणून जात ठरवण्याआधी नर-मादी ठरवावी, आणि ती पिसांवरून न ठरवता आवाजावरून ठरवावी: मादी मोठ्याने, स्पष्ट ‘क्वॅक’ करते, नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. शक्य असेल तर अंतिम निर्णय हिवाळ्यापर्यंत लांबवावा. तेव्हा नवी पिसे आलेली असतात आणि उन्हाने रंगही विटलेला नसतो. खाकी पिसे उन्हात फार लवकर विटतात. उन्हाळा काढलेली अस्सल कॅम्पबेल मादी पाठीवर इतकी फिकट दिसते की नवख्याला ती दुसऱ्याच जातीची वाटावी.

आता पंख. बदक मांडीवर घेऊन एक पंख हळूच पूर्ण उलगडावा आणि पंखाच्या मागच्या कडेकडची, अंगाजवळची मधली पिसे पाहावीत. मॅलार्डच्या मूळ रंगाच्या बदकात तिथे निळा-जांभळा चमकदार पट्टा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळी व पांढरी किनार असते. हा निळा रंग पिसाच्या रचनेतून प्रकाश परावर्तित होऊन दिसतो. सावलीत तोच पट्टा काळपट वाटतो. त्यामुळे पंख उन्हात दोन-तीन दिशांना तिरका करून पाहिल्याशिवाय ‘पट्टा नाही’ असे म्हणू नये. मिटलेल्या पंखावर तर तो बऱ्याचदा अजिबात दिसत नाही, आणि अंगणात फिरणाऱ्या बदकाकडे लांबून पाहून दिलेली मते नेमकी इथेच चुकतात.

अस्सल खाकी कॅम्पबेलमध्ये हा निळा पट्टा नसतो; त्या जागी खाकी-तपकिरीच पिसे असतात. ही जात इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी 1900 च्या सुमारास रनर, रूआँ (फ्रान्समधली बदकाची जात) आणि मॅलार्ड यांच्या संकरातून तयार केली. तिच्या रंगात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत: एक, काळा रंग फिका करून तपकिरी करणारा गुण; आणि दुसरा, मॅलार्डच्या ठळक खुणा पुसून टाकणारा गुण. म्हणून अस्सल मादीच्या डोळ्यावरून जाणारी गडद रेघ नसते आणि अस्सल नराच्या मानेत पांढरे कडे नसते. नराचे डोके, मान आणि शेपटीकडचा भाग हिरवट कांस्य झाकेचा, बाकी अंग उबदार खाकी, चोच हिरवट आणि पाय गडद नारिंगी असतात.

यातले निळा पट्टा, डोळ्यावरची रेघ किंवा मानेतले कडे यांपैकी एक जरी दिसले, तरी तो पक्षी शुद्ध कॅम्पबेल नाही, असे निःशंकपणे सांगावे. गळ्याखाली पांढरा डाग किंवा पंखात पांढरी लांब पिसे असली तरी मिश्रणच समजावे. उलट बाजूने मात्र सावध राहावे: या खुणा नाहीत म्हणून पक्षी शुद्ध ठरत नाही, कारण काही गावठी बदकांतही त्या नसतात. पिसारा जात नाकारण्याचा भक्कम पुरावा देतो, जात सिद्ध करण्याचा देत नाही. तिथे आई-बाप आणि भावंडे एकत्र पाहावी लागतात.

भावंडांवरून एक गोष्ट फार चांगली कळते. फिकेपणाचा गुण लिंगाशी जोडलेला असल्यामुळे कॅम्पबेल नर आणि गडद गावठी मादी यांच्या पिल्लांत माद्या तपकिरी निघतात आणि नर गडद निघतात. एकाच खुराड्यातल्या सगळ्या माद्या खाकी, पण डोळ्यावर रेघ असलेल्या, आणि त्यांचे सगळे भाऊ काळसर दिसत असतील, तर तो पहिल्या पिढीचा संकर आहे. गावठी नर आणि कॅम्पबेल मादी असतील, तर सगळीच पिल्ले गडद येतात. अशी संकरित बदके परसात चांगली तग धरतात आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त त्यांची पिल्ले कॅम्पबेल म्हणून विकू नयेत.

एक पक्षी मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेरचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या मायणीच्या तलावासारख्या पाणथळ जागांवर आढळणारे हळदी-कुंकू बदक परसातल्या तपकिरी बदकांसारखेच दिसते आणि कधी कधी त्यांच्यात मिसळून दाणे टिपते. काळ्या चोचीचे टोक पिवळे, चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि पंखावर निळ्याऐवजी हिरवा पट्टा दिसला, तर तो रानटी पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार त्याला पकडणे किंवा खुराड्यात ठेवणे गुन्हा आहे; त्याला धरून पंख उलगडून पाहण्याच्या फंदात पडू नये, चोच लांबूनच पुरेशी दिसते.