बायबलमधील आज्ञाभंगाच्या कथा सांगताना या चुका टाळा

रविवारच्या शाळेत आणि प्रार्थना सभेत आज्ञाभंगाच्या कथा सांगणाऱ्यांची एक खोड मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे: मुळात आज्ञा काय होती हे न वाचताच ते थेट शिक्षेवर येतात.

मोशेने खडकाला काठी मारली म्हणून त्याला वचनदत्त देशात जाता आले नाही, एवढे सांगून बहुतेक जण मोकळे होतात; मग एखादे पोर विचारते की निर्गम या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात तर देवानेच काठी मारायला सांगितले होते, आणि सांगणारा गडबडतो. पोराचे बरोबर असते. निर्गममधील त्या प्रसंगी, होरेब येथे, आज्ञा मारण्याची होती. गणना या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात, कादेश येथे, ती काठी घेऊन खडकाशी बोलण्याची होती, आणि मोशेने लोकांना बंडखोर म्हणत दोनदा काठी मारली. दोन्ही ठिकाणी मरीबा हेच नाव येत असल्याने हा घोटाळा होतो. पाणी मात्र तरीही भरपूर निघाले, माणसे आणि जनावरे प्याली. तेव्हा काम झाले म्हणजे आज्ञा पाळली, असे मानणाऱ्यांनी तेथे थोडे थांबावे. मोशेने पुढे विनवणीही केली, पण या गोष्टीविषयी पुन्हा बोलू नकोस, असे उत्तर त्याला मिळाले. मी वहीत डाव्या बाजूला आज्ञा आणि उजव्या बाजूला प्रत्यक्ष कृती लिहून काढते. मोबाइलवर वचन शोधून पाच मिनिटांत उपदेश तयार करणाऱ्यांना हे कंटाळवाणे वाटते, वाटू द्या.

दुसरी चूक अधिक घातक आहे. एका आजारी मुलासाठी आम्ही त्याच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो. त्याची आई बशीत बिस्किटे मांडत असताना आमच्यातील एक नवखा भाऊ म्हणाला, “ताई, घरात काही आज्ञाभंग झाला आहे का, आठवून पाहा.” तिचा हात बशीवरच थांबला, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे ती मंडळीत आली नाही. या भावाला अनुवाद या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायातील, आज्ञा मोडणाऱ्यांवरचे शाप तोंडपाठ होते, पण निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच केले आणि देव त्यांच्यावरच रागावला, हे त्याच्या वाचनातून निसटले होते. जन्मांध माणसाविषयी, हे कोणाच्या पापामुळे, असा हाच प्रश्न शिष्यांनी विचारला तेव्हा येशूने तो नाकारला. शिलोआमचा बुरूज कोसळून मेलेले 18 जण इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असेही त्याने सांगितले. आज्ञाभंगाला परिणाम असतो, पण प्रत्येक दुःखावरून मागे मागे जाऊन आज्ञाभंग हुडकता येत नाही. आजाऱ्याच्या घरी मी आता 13 वे स्तोत्र वाचते आणि गप्प बसते.

एदेन बागेतील फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीत कोठेही लिहिलेले नाही. योनाला गिळणारा मासा ही शिक्षा नसून बुडण्यापासून सुटका होती. माशाच्या पोटातील त्याची प्रार्थना वाचली की ते कळते. क्षमा मिळाली म्हणजे परिणाम पुसले गेले, असे दावीद राजाच्या व्यभिचाराची कथा सांगताना म्हणू नये, कारण नाथान संदेष्ट्याने एकाच दमात क्षमाही सांगितली आणि मुलाचा मृत्यूही. आखानाने मनाई असलेली लूट लपवली आणि आय नावाच्या नगरावरील चढाईत 36 माणसे मेली, तीही दुसऱ्यांच्या घरची. हे सांगायचे टाळले तर कथाच उरत नाही.

आज्ञा मोडणाऱ्या शौल राजाविषयी बोलताना यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, हे 1 शमुवेल 15 मधील 22 वे वचन सगळे वाचतात आणि तेथेच पुस्तक मिटतात. 30 वे वचनही वाचावे: पाप केले असे म्हणून झाल्याबरोबर शौल शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की, निदान वडील जनांसमोर माझा मान राख.