परदेशात बसून आईचं जलरंगातलं चित्र कसं करावं

आई मिरजेत, मी टोरांटोत. तिला समोर बसवणं जमत नाही, म्हणून फोटोवरून काढते. पण फोटो नीट मागवावा. व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट नको, त्यात चेहरा सपाट होतो. मी भावाला सांगते, सकाळी तिला खिडकीशी बसव, घरातले दिवे बंद कर आणि 'हस' म्हणू नकोस. शेंगा सोलत असताना काढ.

रंग साधे चालतील, कागदात काटकसर नको. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), शंभर टक्के सुती घ्यावा आणि चारी कडा टेपनं बोर्डाला चिकटवाव्यात. रेखाटन आधी दुसऱ्या कागदावर पक्कं करून मग इथे उतरवावं. चांगला कागद खोडरबरानं घासला की तिथे रंग डाग धरतो.

रंग लावण्याआधी उजेडाच्या जागा ठरवाव्यात: रुपेरी बट, नाकाचा शेंडा, चष्म्याची कड. तिथे कागद कोराच ठेवायचा. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला दिवा घेऊन उभी करून 'ग्लो ऑफ होप' जलरंगातच रंगवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जलरंगात उजेड कसा राखायचा, हे मला त्या चित्रानं शिकवलं.

त्वचेसाठी तयार गुलाबी ट्यूब घेऊ नये, आपल्या माणसांचा गहूवर्ण तिच्यात नसतो. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) भरपूर पाण्यात कालवावेत, गालासाठी किंचित लाल. पहिला थर फिकाच हवा, गडदपणा दुसऱ्या-तिसऱ्या थरात येऊ द्यावा. सावलीला काळा वापरला की चेहरा मळकट दिसतो. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळला की हनुवटीखालची सावली जिवंत राहते.

इथल्या हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी असते. अर्धा गाल रंगवेपर्यंत कड वाळते आणि रेघ उमटते. म्हणून हीटर कमी करावा, एका वेळी एकच भाग स्वच्छ पाण्यानं ओला करून रंगवावा.

कुंकू सगळ्यात शेवटी. मी पहिल्यांदा घाई केली आणि लाल रंग भुवईपर्यंत पसरला. आता आधी बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघते. गार लागला तर आत ओल आहे. मग चहा करून घेते, आईला फोन लावते, आणि कागद पुरता वाळल्यावरच ब्रशच्या टोकानं तो ठिपका ठेवते.