वर्ल्ड चॅम्पियनशिपची रोड रेस कोल्हापुरात बसून नीट कशी पाहायची

सायकल शर्यत पाहायला बसलेल्या प्रत्येक नव्या माणसाला कुणीतरी शहाणा सांगतोच, "सहा तास कोण बघत बसतंय? शेवटचे दहा किलोमीटर लाव, बास." सांगणाऱ्यानं २०२४ ची झ्युरिकची शर्यत पाहिलेली नसते. तिथं स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारनं शंभर किलोमीटर बाकी असताना अटॅक केला, म्हणजे अचानक वेग वाढवून घोळक्यातून निसटला, आणि शेवटचे पन्नासेक किलोमीटर तो एकटाच पुढं होता. पुढच्या वर्षी रवांडातल्या किगालीत गडी १०४ किलोमीटर बाकी असतानाच सुटला. दोन्ही वेळा शेवटचे दहा किलोमीटर लावणाऱ्यांना काय दिसलं, तर एक माणूस एकट्यानं सायकल चालवतोय. मग "बोअर आहे राव" म्हणून टीव्ही बंद.

दुसरा वाईट सल्ला असा की, टूर द फ्रान्स कळत असेल तर हीही कळते. नाही कळत. टूरमध्ये संघ कंपन्यांचे असतात, इथं देशांचे. या एका फरकानं सगळं गणित उलटं होतं आणि तेवढंच समजून घ्यायला थोडी तयारी लागते. बाकीची तयारी किरकोळ आहे, ती आधी उरकू.

तारीख आणि वेळ

एलिट, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या पुरुषांची रोड रेस हा वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या आठवड्याचा शेवटचा कार्यक्रम. २०२६ मध्ये ती कॅनडात माँट्रियलला आहे, रविवार २७ सप्टेंबरला. माँट्रियल त्या वेळी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथं दुपारचे तीन वाजले की आपल्याकडं रात्रीचे साडेबारा. शर्यत आपल्या संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीच्या आसपास रंगणार, असं धरून चाला. अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ ला आहे आणि आपल्याकडची मिरवणूक शनिवारपर्यंत चालते हे सांगायला नको. शनिवारी रात्री झोप काढा. रविवारी दुपारी जेवून आडवं झालात तर आणखी बरं.

जागा आणि पडदा

कुणाचाही हॉल चालतो. मोबाईलवर मात्र पाहू नका, जर्सीचे रंग दिसत नाहीत. प्रक्षेपण कुठल्या ॲपवर आहे ते आठवडाभर आधी शोधून पैसे भरून ठेवा. फुकटच्या लिंका ऐन चढावर अडकतात. भडंग आणि थर्मासभर चहा एवढं खाणंपिणं पुरतं.

रस्ता

यजमान शहराचा नकाशा एकदा पाहा आणि दोनच गोष्टी लक्षात ठेवा: फेरी किती किलोमीटरची आणि चढ फेरीत कुठं येतो. ही शर्यत बहुतेक वेळा शहरातल्या एकाच वर्तुळात फिरत राहते. तोच चढ पुन:पुन्हा येतो आणि दरवेळी काही जण मागं गळतात. किगालीत २६७.५ किलोमीटरमध्ये जवळपास ५,४७५ मीटर चढ होता. आपल्यापैकी जे वाघबीळवरून पन्हाळा चढतात त्यांच्यासाठी सांगतो, दहा वेळा पन्हाळा चढून उतरलात तरी तेवढा होणार नाही. शर्यत पुरी करणारे शेवटी ३० उरले. माँट्रियलमध्ये माँ रॉयल नावाची टेकडी आहे. याच शहरात १९७४ ला बेल्जियमच्या एडी मर्क्सनं तिसऱ्यांदा विश्वविजेतेपद मिळवलं होतं.

कागद: खरं काम इथं आहे

आता मुद्द्यावर येतो. बरीच वर्षं मलाही ही शर्यत धड कळायची नाही. पुढं कोण आहे ते दिसायचं, पण मागचे त्याला का धरत नाहीत, अमुक जण पुढं राहून, वारा अंगावर घेऊन मागच्या कुणासाठी ओढतोय, हे समजायचं नाही. कोण कुठल्या देशाचा आणि वर्षभर कुठल्या संघाचा, याचा कागद करायला लागलो तेव्हा डोक्यात उजेड पडला.

कोल्हापूरकराला हे फुटबॉलमधून लगेच कळेल. वर्षभर पाटाकडील आणि दिलबहार शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात. उद्या त्याच दोन संघांतली पोरं जिल्ह्याच्या संघात एकत्र आली, तर एका जर्सीत खेळणार. समोरच्या संघात मात्र तालमीतला जिवलग मित्र उभा असेल तर? पाय तेवढाच जोरात लागेल का? वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हा प्रश्न प्रत्येक फेरीला असतो. पगार देणारा संघ वर्षभर एक, आणि जर्सी एका दिवसापुरती दुसरीच.

झ्युरिकला या दोन्ही निष्ठा एकाच दुपारी दिसल्या. यान त्रात्निक हा स्लोव्हेनियाचा, पण तेव्हा पगारी खेळाडू व्हिस्मा–लीज अ बाइकचा, म्हणजे पोगाचारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा. तो पुढच्या तुकडीत होता. पोगाचारनं अटॅक केल्यावर त्रात्निक थांबला, मागं आला आणि त्याला पुढच्या तुकडीपर्यंत ओढून नेलं. तिथं देश जिंकला. पुढं पोगाचार पुन्हा निघाला तेव्हा त्याच्यासोबत टिकला तो पावेल सिवाकोव्ह. फ्रान्सच्या जर्सीतला, पण वर्षभर पोगाचारच्याच यूएई टीम एमिरेट्समध्ये असलेला. कागद नसणाऱ्याला हा कुणीतरी फ्रेंच गडी वाटतो. कागद असणारा लगेच विचारतो, हा पुढं ओढणार की नुसता पुढच्याच्या आडोशाला चाकाला चिकटून बसणार? आणि मागची फ्रेंच पोरं आता पाठलागात जीव लावणार का, कारण त्यांचाही एक माणूस पुढं आहे?

किगालीत तर आणखी मजा. माउंट किगालीच्या चढावर पोगाचार सुटला तेव्हा त्याच्यामागं गेले हुआन आयुसो आणि इसाक देल तोरो. एक स्पेनचा, एक मेक्सिकोचा. तीन देश आणि पगाराला तिघंही एकाच संघात. आयुसो लवकर मागं पडला, देल तोरो थोडा जास्त टिकला. संगनमत होतं असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही चारचौघांत म्हणू नका. पण हे ठाऊक नसेल तर त्या चढावर नेमकं काय चाललंय ते कळणारच नाही.

आता कागद कसा करायचा ते सांगतो.

साध्या ए-फोर कागदावर सहाच देश घ्या, प्रत्येकाचा एक चौकोन, जास्त नाही. सगळे देश लिहायला बसलात तर शर्यत सुरू व्हायच्या आत कंटाळाल. जागतिक क्रमवारीतल्या वरच्या देशांना आठ खेळाडू आणता येतात, त्याखालच्यांना सहा, मग चार, आणि तळातल्यांना एकेक. आधीचा विश्वविजेता या कोट्याबाहेर येतो. आठांचे देश म्हणजे तुमचे मुख्य चौकोन. बेल्जियम आणि स्लोव्हेनिया हवेतच. बाकीचे चार फ्रान्स, डेन्मार्क, ब्रिटन, इटली, स्पेन यांतून त्या वर्षीच्या जोरानुसार निवडा.

प्रत्येक चौकोनात आधी कप्तान लिहा, म्हणजे ज्याला जिंकवायचंय तो. त्याखाली राबणारे. प्रत्येक नावापुढं कंसात त्याचा पगारी संघ. मग लाल पेन घ्या आणि वेगवेगळ्या चौकोनांतले एकाच पगारी संघातले गडी रेषेनं जोडा. कागद गिचमिड दिसेल. दिसू दे, सगळी शर्यत त्या लाल रेषांमध्येच असते.

या सहांच्या बाहेरचे एकटेदुकटे देश कडेला लिहा, पण पगारी संघासकट. मेक्सिकोचा देल तोरो सहा देशांत येत नाही म्हणून तो सोडून दिला असतात, तर किगालीत फसला असतात.

आणि मागच्या वर्षीचा कागद वापरू नका. कृपा करून नको. गडी जानेवारीत संघ बदलतात. आयुसो २०२६ पासून लिडल–ट्रेकमध्ये आहे, तेव्हा पोगाचारकडून त्याच्याकडं जाणारी रेषा पुसायची. रेम्को एव्हेनेपुल रेड बुल–बोरा–हान्सग्रोहेत गेला, आणि तिथं प्रिमोझ रॉग्लिच आधीच आहे. म्हणजे बेल्जियम आणि स्लोव्हेनियाच्या चौकोनांमध्ये नवी लाल रेषा. खेळाडूंची यादी प्रो सायकलिंग स्टॅट्स या वेबसाइटवर पाहा आणि शर्यतीच्या सकाळी पुन्हा तपासा, कारण शेवटच्या दोन दिवसांत नावं बदलतात.

एका देशात दोन कप्तान असतील तर त्या चौकोनावर प्रश्नचिन्ह टाका, तिथंच घोळ होतो. २०१३ ला फ्लॉरेन्सच्या पावसात शेवटी होआकिम रॉड्रिगेझ पुढं होता आणि मागच्या तुकडीत अलेहांद्रो वाल्वेर्दे. दोघंही स्पेनचे. त्या तुकडीतून पोर्तुगालचा रुई कोस्टा निघाला, वाल्वेर्दे काही त्याच्या चाकावर गेला नाही. कोस्टानं रॉड्रिगेझला गाठलं आणि शेवटच्या रेषेवर हरवलं. स्पेनला रौप्य आणि कांस्य मिळालं, सुवर्ण गेलं. कोस्टा आणि वाल्वेर्दे त्या मोसमात दोघंही मोव्हिस्टारमध्ये होते. यावर आजही लोक भांडतात. माझं मत विचाराल तर वाल्वेर्दे थकला होता की विसरला होता यापेक्षा महत्त्वाचं हे की, एका संघात दोन कप्तान असले तर पाठलागाची जबाबदारी नेमकी कुणाची, हे ऐन वेळी ठरत नाही.

माणसं ओळखणं

जर्सीवर विसंबून राहू नका. इटली निळी, फ्रान्स निळा, बेल्जियम फिकट निळा, आणि पाऊस आला की तिन्ही सारखेच. नेदरलँड्सची नारिंगी तेवढी लांबूनही कळते. त्यापेक्षा हेल्मेट आणि सायकल बघा. देशाची जर्सी अंगावर असली तरी हेल्मेट आणि सायकल पगारी संघाचीच असते, म्हणजे तुमच्या लाल रेषा पडद्यावर आपोआप दिसायला लागतात. दर वर्षी कुणीतरी विचारतं, "विश्वविजेता कुठाय? इंद्रधनुषी जर्सी दिसत नाही." ती पांढरी, निळ्या-लाल-काळ्या-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची जर्सी तो वर्षभर मिरवतो, पण या शर्यतीत त्यालाही देशाचीच जर्सी घालावी लागते. त्याला शोधायचं असेल तर पाठीवरचा नंबर बघा.

शर्यत चालू असताना

पहिल्या तासात एक तुकडी पुढं जाते, बहुतेक छोट्या देशांची पोरं. त्यांच्याकडं पाहू नका, मागच्या घोळक्याच्या तोंडाशी कोण वारा तोडतंय ते पाहा. ज्या देशाचे गडी तिथं घाम गाळतात, त्या देशाला आपला कप्तान आज जिंकेल असं वाटतंय. जो देश चाकामागं लपून बसलाय, तो एक तर कमकुवत आहे नाही तर लबाड. कागदावर खूण करत राहा: गळाला की काट मारा. तीन-चार फेऱ्यांनी कुणाकडं किती माणसं उरली ते एका नजरेत कळतं, आणि ते कॉमेंटेटरपेक्षा आधी कळतं.

इथं खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतो हे विसरू नका. टूरमध्ये गाडीतून हुकूम येतो. इथं मोटारसायकलवरचा फळा, रस्त्याकडेच्या संघाच्या जागेतून, म्हणजे पिटमधून, आलेला ओरडा, नाही तर गाडीपाशी मागं जाऊन विचारणं. म्हणूनच "हा मूर्खासारखा का थांबला?" असं लगेच म्हणू नका, त्याला पुढचं अंतर माहीतच नसेल. घरी सोफ्यावर आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहिती असते. एव्हेनेपुलनं किगालीत दोनदा सायकल बदलली तेव्हा आमच्या हॉलमध्ये सगळ्यांनी त्याला निकालात काढलं होतं. तो दुसरा आला.

एक पुढं सुटला आणि मागच्या तुकडीत पाच-सहा तगडे गडी एकमेकांकडं बघत बसले, की तो क्षण रिवाइंड करून दोनदा पाहा. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं ओढावं, कारण आपण ओढलं तर शेवटी तोच आपल्याला हरवणार. कागदावरच्या रेषा पाहून ठरवा, इथं कुणाला खरोखर पाठलाग करायचा आहे आणि कुणाला नाही.

पहिला रेषा ओलांडून गेला म्हणून उठू नका. झ्युरिकला कॅमेरा पोगाचारवर असताना मागं ऑस्ट्रेलियाचा बेन ओकॉनर शेवटच्या टप्प्यात तुकडीतून निसटला आणि रौप्य घेऊन गेला, आणि माथ्यू व्हान डेर पुलला कांस्यासाठी स्प्रिंट मारावी लागली. दुसऱ्या-तिसऱ्या जागेची ही मारामारी पडद्यावर अर्धवटच दाखवतात, तेव्हा रिप्ले येईपर्यंत चहाचा शेवटचा कप राखून ठेवा.