डांगराच्या भाजीचा लगदा होतो? या चुका टाळा

आधी नावाचा घोळ मिटवू. पुण्याच्या जावेला मी फोनवर सांगितलं आज डांगर केलंय, तर ती विचारते पीठ दह्यात कालवलंस की ताकात. तिच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, आमच्या नाशकात डांगर म्हणजे लाल भोपळा, काही घरांत गंगाफळ. बोलतेय ते या भोपळ्याबद्दल.

नव्वद टक्के घोटाळा पाण्याचा असतो. डांगरातच मुळात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यात आपण वरून अर्धी वाटी ओततो, कुकर लावतो आणि मग भाजी पाणचट झाली म्हणून भोपळ्याला नावं ठेवतो. मी पहिल्या वर्षी पित्रांच्या स्वयंपाकात घाई म्हणून कुकरच्या दोन शिट्ट्या केल्या होत्या, झाकण उघडलं तर आत केशरी खीर, आणि पानावर वाढायला भाजी तर पाहिजेच. तेव्हापासून कढईच. तेलात मोहरी, हिंग, चार मेथीदाणे (जास्त नको, कडू लागतात), लाल मिरची, मग जरा मोठ्या फोडी टाकून दोन-तीन मिनिटं परतायच्या, वर ताटली ठेवून पाणी ताटलीत, कढईत एक थेंबही नाही. मीठ आणि गूळ शेवटी, आधी टाकलं की फोडी लगेच पाणी सोडतात. आणि साल काढू नका हो, नीट धुवून ठेवा, सालीमुळेच फोड धरून राहते.

घारग्यांचंही तेच. किस तुपावर वाफवला, गरम असताना गूळ घातला की ते मिश्रण सैल होतं, तेव्हाच घाईने कणीक घातली तर ती पीत जाते पीत जाते आणि घारगे वातड. पूर्ण गार होऊ द्या, मग मावेल तेवढीच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी, पाणी अजिबात नाही. तळताना आच मध्यम, गूळ पटकन करपतो.

आता घेतानाची चूक. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात मी नेहमी तुकतुकीत चकचकीत बघून उचलायचे, एकदा मावशीच म्हणाल्या, "चमक काय बघते गं, नख लावून बघ, रुतलं तर कच्चं." खरंय. पिकलेल्याची साल निबर आणि मंद, देठ वाळून लाकडासारखा, हातात वजनदार. कापलेली फोड घेत असाल तर गर गडद केशरी, बिया टपोऱ्या, जाळी बुळबुळीत नको.

परदेशात याच घराण्याला विंटर स्क्वॅश म्हणतात, हिवाळ्यात लावतात म्हणून नाही, तर पूर्ण पिकवून तोडलं की जाड सालीमुळे हिवाळाभर टिकतं म्हणून. म्हणजे अख्खं फळ फ्रिजमध्ये कोंबायची गरजच नाही, उलट १० अंशांखालच्या थंडीने ते आतून खराब होतं. हवेशीर कोपऱ्यात ठेवा, आणि देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तिथूनच सडतं. कापल्यावर मात्र बिया-जाळी खरवडून फ्रिजमध्ये, चार-पाच दिवसांत संपवायचं.

हल्ली कॉलेज रोडला बटरनट पण दिसतो, लांब मानेचा, फिकट बदामी. त्याच्यात पाणी जरा कमी, मानेत बिया नाहीत, सुपाला मस्त. पण फोडी ट्रेमध्ये एकावर एक रचल्या तर भाजल्या जात नाहीत, वाफवल्या जातात, एकच थर हवा, २०० अंशांवर साधारण ४० मिनिटं. स्पॅगेटी स्क्वॅश मिळालाच तर फोडी करू नका, अर्धा करून भाजा आणि काट्याने ओढा, शेवया निघतात. आणि कोहळा यातला नाही, तो पेठ्याचा, भोपळ्याच्या रेसिपीत घालायला जाऊ नका.

कापताना सुरी सटकते ती फळ गोल डुगडुगतं म्हणून. खालून पातळ चकती काढून बूड सपाट करा, मग वरून दाब द्या. सासूबाई म्हणतात पहिली चीर बाईने देऊ नये, मी लगेच नवऱ्याला हाक मारते, मनगट वाचतं.

शेवटचं पण महत्त्वाचं, कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावा. कडूजहर लागला तर गूळ घालून झाकायला जाऊ नका, तो कडूपणा शिजवून जात नाही आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात. तसं निघालं तर सरळ फेकायचं, कितीही मोठं असलं तरी.